नववा ठसा

मोहर या चलनाच्या नव्या प्रोग्रामची बांधणी नऊ साक्षीदारांनी नऊ गावांत, आपापल्या घरच्या संगणकावर, स्वतंत्रपणे केली. मंगळवारी नऊ ठसे जाहीर झाले. त्यांतले आठ शेवटच्या चिन्हापर्यंत सारखे होते. अकोल्याहून आलेला नववा वेगळा होता.

अकोल्याची साक्षीदार म्हणजे वैजयंती सरोदे. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, जठारपेठेतल्या एका बैठ्या घरात एकटी राहणारी. ठसे जाहीर झाले तेव्हा ती संगणकाच्या उघड्या पेटीसमोर टेबलफॅनचे तोंड नीट करत होती. पडद्यावरचा आपला ठसा तिने मोबाइलवर आलेल्या इतर आठांशी ताडून पाहिला. पहिलेच चिन्ह जुळत नव्हते.

एवढ्यात दारावर थाप पडली.

"काहून जी म्याडम, वायफाय बंद केलं काय तुमी?" शेजारच्या गुंफाबाई मोबाइल पुढे धरून उभ्या होत्या. "पोरगा सुरतेहून बोलून राह्यला होता. तोंड उघडलं न् तसाच थांबला. आता त्याले काय म्हनायचं होतं ते मले कसं समजन?"

"लावते. माझं काम संपलंच आहे."

"तुमचं काम म्हंजे दिसभर त्या डब्ब्याले हवा घालनं. मानसाले नाई घालत कोनी एवढी." गुंफाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "जेवल्या काय?"

"जेवले."

"कवा?"

वैजयंतीने पंख्याचा प्लग काढून त्या जागी राउटरचा लावला. थोड्या वेळाने गुंफाबाईंच्या हातातला मुलगा हलू लागला आणि त्या त्याच्याशी बोलत बोलत आपल्या घरी गेल्या.

मोहरला मालक नव्हता आणि कचेरीही नव्हती. हजारो संगणकांवर एकच प्रोग्राम चाले आणि ते संगणक एकमेकांचे काम तपासत. गेल्या काही वर्षांत दूध संघांपासून पतसंस्थांपर्यंत पुष्कळांनी ते स्वीकारले होते, ते याच भरवशावर, की कोणा एकावर विश्वास ठेवावा लागत नाही. अर्थात विश्वास कुठेतरी ठेवावा लागतोच. प्रोग्राम माणसे लिहितात ती वाचता येण्यासारखी लिपी असते. संगणकाला ती समजत नाही. कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम तिचे एक आणि शून्य यांच्या लांबलचक माळेत रूपांतर करतो. हीच बांधणी. बहुतेक लोक तयार माळ उतरवून घेतात आणि ती मूळ लिपीवरूनच बनली आहे असे गृहीत धरतात.

हे गृहीत तपासण्याची एक युक्ती आहे. लिपी तीच, कंपायलर तोच आणि मांडणी तीच असेल, तर कुठेही बांधली तरी माळ तीच निघाली पाहिजे. मग त्या सगळ्या माळेचा गणिताने एक छोटा ठसा काढायचा. माळेतला एक कण इकडचा तिकडे झाला तरी अख्खा ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या नऊ जणांचे ठसे जुळले, तर कोणीही मध्ये हात घातलेला नाही, असे समजायला हरकत नाही.

सगळे मर्म त्या 'एकमेकांशी संबंध नसलेल्या' या शब्दांत होते. म्हणून साक्षीदारांसाठी एकच कडक नियम होता. लिपी प्रसिद्ध झाल्यापासून आवृत्ती बाहेर पडेपर्यंत एकाने दुसऱ्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क करायचा नाही. जो करील त्याचे पद त्याच क्षणी संपेल.

दुपारी समन्वयक जयदीप राजाध्यक्ष याचा बंगळूरहून फोन आला. वयाने लहान, बोलायला मऊ.

"मॅडम, गैरसमज नको, पण तुमचा संगणक किती वर्षांचा आहे?"

"माझ्यापेक्षा लहान आहे."

तो कसनुसा हसला. "नाही, म्हणजे बाकीच्यांचे ठसे तासाभरात आले. तुमचा यायला अख्खा दिवस गेला. इतका वेळ यंत्र तापत राहिलं, तेही अकोल्याच्या उन्हाळ्यात, तर मेमरीत चूक होऊ शकते, नाही का?"

"होऊ शकते," वैजयंती म्हणाली. आक्षेप योग्य होता, म्हणूनच तिला तो आवडला नाही.

"शुक्रवारी आवृत्ती द्यायची आहे. तोवर एकदा बघाल का? नाहीतर..." त्याने वाक्य सोडून दिले. एका न जुळणाऱ्या ठशासाठी किती दिवस थांबायचे, याला मर्यादा असते.

तिने मेमरी तपासली. दोष निघाला नाही. तरी दुकानातून नव्या पट्ट्या आणून बसवल्या, राउटर काढून पंखा लावला आणि पुन्हा बांधणी सुरू केली. गुंफाबाई पुन्हा येऊन गेल्या. रात्रभर चालून पहाटे जो ठसा निघाला तो तिचा आधीचाच होता, आठांचा नव्हता. तापल्यामुळे होणारी चूक दोनदा त्याच जागी होत नाही.

तेव्हा बुधवारी सकाळी तिने आठ जणांनी मान्य केलेली माळ उतरवून घेतली आणि आपल्या माळेशेजारी ठेवली. दोन्हींची लांबी सारखी होती. तुलना करणारा प्रोग्राम बराच वेळ काही न सांगता पुढे सरकत राहिला, मग एका ठिकाणी थांबला, आणि तिथून शेवटपर्यंत पुन्हा कुठेच थांबला नाही. कोट्यवधी कणांत एकच कण वेगळा होता. एकीकडे एक, दुसरीकडे शून्य.

तो कण कशाचा, हे उलगडायला दुपार झाली. मोहरमध्ये एक नियम होता. ज्या खात्याला दहा वर्षे कोणी हात लावला नाही, ते मृत समजून त्यातली शिल्लक सामाईक निधीत जमा करायची. लिपीत हा आकडा दिवसांत होता, ३६५०. वैजयंतीच्या माळेत ३६५० होते. आठ जणांच्या माळेत १६०२. द्विमान पद्धतीत लिहिले तर या दोन आकड्यांत एकाच घराचा फरक पडतो, २०४८ च्या घरात एकाऐवजी शून्य. हेतुपुरस्सर कोणी असा आकडा निवडणार नाही. हा अपघाती कण होता. मेमरीतला एक विद्युतभार सांडला होता. वैश्विक किरणाने सांडतो, स्वस्त चिपमध्ये आपोआपही सांडतो. मागे पुरावा राहत नाही. प्रोग्रामच्या चाचण्यांतही तो सापडला नसता, कारण चाचण्या दहा वर्षे थांबत नाहीत. त्यांना कोणताही आकडा चालतो.

परिणाम काय होईल ते तिने करून पाहिले. संगणकाचे घड्याळ पुढे सरकवून तिने एका खोट्या जाळ्यात आठांच्या बांधणीचे पुष्कळ नोड, म्हणजे जाळ्यातले संगणक, चालवले आणि त्यांत आपला एक सोडला. साडेचार वर्षे होण्याआधीच ते सगळे निजलेल्या खात्यांना मृत ठरवू लागले. तिच्या नोडने त्याला हरकत घेतली. इतरांनी त्याच्याशी व्यवहार थांबवला. चुकीचा नियम सगळ्यांनी पाळला की तोच नियम होतो, आणि लिपीप्रमाणे वागणारा वेडा ठरतो. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरे उमटली. जोडलेले सोबती: शून्य.

तिने तो आकडा वाजवीपेक्षा जास्त वेळ पाहिला, मग पडदा बंद केला.

जयदीपने फोनवर सगळे ऐकून घेतले. "म्हणजे तुमचं बरोबर आणि आठ जणांचं चूक."

"लिपी तुझ्यापुढे आहे. आकडा वाच."

बराच वेळ फक्त कळफलकाचा आवाज येत राहिला. "बरोबर आहे मॅडम," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला मऊपणा गेला. "आवृत्ती थांबवतो. पण मग याचा अर्थ एकच होतो. आठ घरांत एकच कण आपोआप सांडत नाही. एकाने बांधलं आणि सात जणांनी त्याची फाइल उचलून सह्या ठोकल्या. मी आजच सगळ्यांना विचारलं होतं. प्रत्येक जण सांगतो की मी माझ्या घरी, माझ्या हातांनी बांधलं."

"मग?"

"मग आठही जण खोटं बोलतायत. शुक्रवारी नावानिशी जाहीर करावं लागेल. अहवाल तुम्ही लिहा. कारणही तुमच्याच शब्दांत असू दे."

आठ नावांच्या यादीत सहावे नाव होते, शर्मिष्ठा कुंभोजकर, मिरज.

जयदीपचा निष्कर्ष वैजयंतीने स्वतः कितीदा तरी काढला होता. प्रयोगाची जर्नल तपासताना बरोबर उत्तरे सारखी असली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ती सारखीच असायची. पण दोघांच्या जर्नलमध्ये चूक एकच असेल, तर एकाने दुसऱ्याची उतरवलेली असते. ही कसोटी तिला कोणा पुस्तकात मिळाली नव्हती. नागपूरच्या वसतिगृहात शर्मिष्ठा आणि ती एका खोलीत राहत होत्या. एकदा शर्मिष्ठाला ताप होता, म्हणून तिने वैजयंतीची निरीक्षणे उतरवून घेतली. वैजयंतीने एका ठिकाणी दशांशचिन्ह चुकवले होते. सरांनी दोन्ही जर्नल शेजारी शेजारी ठेवली, दोघींकडे पाहिले आणि पान उलटले. त्यानंतर शर्मिष्ठाने कोणाचे काही उतरवले नाही. डाळीत मीठ पुरेसे आहे, हेसुद्धा ती स्वतः चाखल्याशिवाय मानत नसे.

पण ओळख हा पुरावा नव्हे, हेही वैजयंतीने जन्मभर शिकवले होते.

दोघी साक्षीदार झाल्या तेव्हा मोहरची आवृत्ती वर्षातून दोनदा निघे. तेवढे आठवडे बोलायचे नाही, मग तासन् तास बोलायचे. पुढे आवृत्त्या दर महिन्याला निघू लागल्या, मग मध्ये दुरुस्त्या, दुरुस्त्यांच्या दुरुस्त्या. बंदीचे दिवस एकमेकांना येऊन भिडले. मधूनमधून मोकळे दिवस सापडत, नाही असे नाही. पण त्या दिवशी फोन करायचा, तर गेल्या मोकळ्या दिवशी का केला नाही, हे आधी सांगावे लागले असते. शेवटचे बोलून पाच वर्षे झाली होती.

विचारायचे तर आताच विचारायला हवे होते, आणि बंदी चालू होती. वैजयंतीचा दिवस साक्षीपदाभोवती बेतलेला होता. पगार नव्हता, मान म्हणावा तर तोही आठ-दहा माणसांपुरता. पण तिची सही येईपर्यंत आवृत्ती थांबत असे. तिच्यासाठी थांबणारे दुसरे काही तिच्या आयुष्यात उरले नव्हते. उलट, अहवालात 'आठ जणांनी उतरवले' एवढे लिहून दिले असते, तर कोणी शंका घेतली नसती.

गुरुवारी सकाळी तिने पंखा लावून बांधणी पुन्हा सुरू केली, म्हणजे शर्मिष्ठा सांगेल ती पायरी आपल्या पडद्यावर ताडून पाहता येईल, आणि मोबाइलवरून मिरजेचा नंबर लावला.

"वैजू?" पलीकडून आवाज आला. "कोण गेलं?"

"कोणी नाही. बांधणीबद्दल बोलायचंय."

"ठेव फोन. ठेव आधी! पद जाईल तुझं."

"तू उचललास तेव्हाच गेलं."

"बावळट आहेस. पाच वर्षं दिवाळीला साधा फोन नाही, आणि आता..."

"तूही नाही केलास."

"मी नियम पाळत होते."

"मीसुद्धा."

मिरजेच्या गल्लीत कोणीतरी सतारीची तार लावत होते. तोच स्वर किंचित वर, किंचित खाली येत होता.

"विचार," शर्मिष्ठा म्हणाली. "त्या पोराने कालच विचारलं. उतरवलंत का बाई, असंच ना?"

"तसं नाही. तू काय काय केलंस ते क्रमाने सांग. खुर्चीवर बसलीस इथपासून."

"प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा घेतेस की काय माझी?"

"हो."

"अजून तशीच खडूस आहेस." पण ती सांगू लागली. लिपी उतरवली. कंपायलर ताडून पाहिला. आज्ञा दिली. उठून चहा टाकला, चहा घेऊन आली, तोवर झाले होते. ठसा काढला, सही केली.

"चहा होईपर्यंत झालं?"

"नवा कंपायलर फार वेगवान आहे. मार्चपासून असंच होतंय."

"माझ्याकडे तोच आहे. मला दिवस लागतो."

"तुझं यंत्र म्हातारं आहे, बाई."

"म्हातारं आहे तर दुप्पट लागेल, चौपट लागेल. शमू, एक चहा आणि एक दिवस यांत किती पट होतात?"

पलीकडून चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला.

दोघींनी आपापल्या कंपायलरची मांडणी, म्हणजे त्याच्या सेटिंगची यादी, उघडली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचून ताडून पाहिली. अर्ध्याहून अधिक यादी संपल्यावर शर्मिष्ठाने वाचले, "शेजार, चालू. हे काय आहे?"

ही सोय मार्चमध्ये आली होती आणि आपोआप चालू होत होती. विरजण घरात नसले की शेजारून आणतात, तसेच तिचे काम चाले. जगात कोणीतरी प्रोग्रामचा तोच तुकडा आधी बांधून ठेवला असेल, तर कंपायलर तो नेटवरून उसना आणी आणि पुन्हा बांधण्याचे श्रम वाचवी. पडद्यावर अक्षरे तीच उमटत, पंखा तसाच घुमे. समोर बसलेल्या माणसाला वाटे, यंत्र बांधत आहे. खरे तर ते जोडत होते. पहिल्या कोणाच्या तरी संगणकात, खुद्द बांधताना, एक कण सांडला होता. पुढच्या सगळ्यांकडे त्याच विरजणाचे दही लागले. साक्षीदारांना एकमेकांशी बोलायची बंदी होती. त्यांच्या यंत्रांना ती कोणी घातली नव्हती.

"म्हणजे मी पुन्हा उतरवलं," शर्मिष्ठा म्हणाली. तिचा आवाज अगदी वसतिगृहातला झाला होता.

"तू नाहीस. यंत्राने. तुला न विचारता."

"सरांनी ऐकलं असतं हे?"

"मी लिहीन तसं. जयदीपला ऐकावं लागेल. नेटची वायर काढ आणि पुन्हा बांध."

वायर निघाल्याचा खट्ट आवाज आला. मग शर्मिष्ठाने तो प्रश्न विचारला, जो वैजयंतीला स्वतःलाच आधी पडायला हवा होता. "पण वैजू, तुझ्याकडे ते बंद आहे का?"

वैजयंतीने आपल्या पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. "नाही. माझ्याकडेही चालू आहे."

"मग तुझा वेगळा कसा आला?"

कुंपणापलीकडून हाक आली, "म्याडम! वायफाय!"

वैजयंतीने मान वळवून भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिले आणि ती पाहतच राहिली.

मिरजेची बांधणी संध्याकाळपर्यंत चालली. तेवढा वेळ फोन चालू राहिला. त्या फारसे बोलल्या नाहीत. पाच वर्षांचे बोलायचे तर सुरुवात कुठून करावी, हे दोघींनाही ठरवता आले नाही. शर्मिष्ठाने भात टाकला, तो फसफसून उतू गेला, तिने गॅसला शिव्या घातल्या. वैजयंती ते ऐकत जेवली. शेवटी शर्मिष्ठाने ठसा वाचायला घेतला, एकेक चिन्ह, मध्ये थांबत. वैजयंती आपल्या ठशावर बोट सरकवत गेली. शेवटच्या चिन्हाशी बोट आणि आवाज एकत्र पोचले.

"जुळलं," वैजयंती म्हणाली.

"आणि तुझं पद गेलं."

"हो."

"मूर्ख."

फोन ठेवल्यावर पंख्याचा आवाज तेवढा उरला. वैजयंतीने तो काढून राउटर लावला, कुंपणापलीकडे गुंफाबाई कोणाशी तरी हसून बोलू लागल्या, आणि ती अहवाल लिहायला बसली. पुढच्या आवृत्तीच्या वेळी तिच्या सहीसाठी कोणी थांबणार नव्हते. हे अहवालात लिहिण्याचे कारण नव्हते. तिने लिहिले ते असे:

"आठ साक्षीदारांनी खोटे सांगितलेले नाही. त्यांनी बांधणीची आज्ञा स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातांनी दिली. मार्चपासून कंपायलरमध्ये 'शेजार' ही सोय आपोआप चालू असते. तिने एका अज्ञात संगणकात बांधलेला सदोष तुकडा आठही ठिकाणी पोचवला. मिरजेच्या साक्षीदारांनी नेट तोडून पुन्हा बांधणी केली. त्यांचा ठसा माझ्या ठशाशी जुळतो. ही माहिती मी त्यांना बंदीच्या काळात फोन करून मिळवली, म्हणून माझे साक्षीपद संपले असे समजावे. माझा ठसा बरोबर आला, त्याचे श्रेय मला देऊ नये. ती सोय माझ्याही संगणकावर चालू आहे, आणि हीच चूक पुढच्या हिवाळ्यात झाली असती, तर माझाही ठसा इतरांसारखाच आला असता. उन्हाळ्यात बांधणीच्या वेळी माझ्या घरचे नेट बंद असते. इन्व्हर्टरच्या बोर्डावर दोनच पॉइंट आहेत, जोडलेला मल्टिप्लग गेल्या वर्षी वितळला, आणि संगणकाला वारा घालायचा तर राउटरचा प्लग काढून तिथे पंख्याचा लावावा लागतो."